दीव : किल्ला आणि गाव

१

दीव या नावाचा मूळ अर्थ बेट एवढाच. संस्कृतातील ‘द्वीप’ हा शब्द लोकांच्या तोंडी झिजत ‘दीव’ झाला आणि पोर्तुगीजांच्या लेखनात त्याचे ‘दिऊ’ झाले. बहुतेक बेटांना स्वतःचे विशेषनाम असते. या बेटाला सामान्यनामच पुरले. खंबायतच्या आखाताकडे येणाऱ्या खलाशाने नुसते ‘बेट’ म्हटले तरी कोणते ते ऐकणाऱ्याला कळत असले पाहिजे, इतके त्याचे स्थान एके काळी निर्विवाद होते.

सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाशी, अरुंद खाडीने मुख्य भूमीपासून वेगळी झालेली ही सुमारे अकरा किलोमीटर लांबीची पट्टी आहे. खंबायतचे आखात व्यापाराच्या दृष्टीने जितके संपन्न तितकेच जहाजांच्या दृष्टीने धोक्याचे. तेथे भरती-ओहोटीच्या पातळ्यांत फार मोठे अंतर पडते, तळाशी गाळ असतो आणि वाळूचे दांडे जागा बदलत राहतात. तांबड्या समुद्रातून किंवा होर्मुझहून आलेल्या मोठ्या जहाजाला आखातात शिरण्यापेक्षा त्याच्या तोंडाशी असलेल्या दीवच्या बंदरात नांगर टाकणे सोयीचे जाई. पुढचा माल लहान होड्यांतून खंबायतकडे नेता येई. दीवचे सारे भाग्य आणि दीववर आलेली सारी संकटे या एका भौगोलिक वस्तुस्थितीतून उद्भवली आहेत.

आज दीवला जाणारा प्रवासी प्रामुख्याने किल्ला पाहतो, आणि त्यात वावगे काही नाही. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी बांधलेल्या किल्ल्यांत तो खरोखरच श्रेष्ठ आहे. परंतु किल्ला ही राखण करणारी वास्तू असते. ती कशाची राखण करीत होती, हे विचारल्याखेरीज तिचे दर्शन अपुरे राहते. दीवच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर काहीसे विषादाचे आहे. किल्ला उभा राहिला, दोन भीषण वेढ्यांतून टिकला. आणि ज्या व्यापारासाठी तो उभारला होता त्याचा मोठा प्रवाह याच काळात दुसरीकडे वळू लागला. तरीही बेट ओस पडले नाही. ते कोणी जगवले, हे तटबंदीपेक्षा गावातल्या गल्ल्यांत अधिक कळते.

२

पोर्तुगीजांच्या आधीच्या दीवची घडण एका विलक्षण पुरुषाच्या नावाशी जोडलेली आहे. मलिक अयाझ हा जन्माने गुलाम. कोणी त्याला रशियन म्हणतो, कोणी तुर्की. गुजरातच्या सुलतानाच्या सेवेत तो चढत गेला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून १५२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने दीवचा कारभार पाहिला. त्याने बेटाला तटबंदी घातली, बंदराच्या मुखाशी पाण्यात बुरूज उभारला आणि तेथून लोखंडी साखळी ओढून बंदर बंद करण्याची व्यवस्था केली. फारसी इतिहासग्रंथांत या बुरुजाला ‘सांकळकोट’ म्हटले आहे. आज खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला, जहाजाच्या आकाराचा पाणीकोठा पाहिला की त्या व्यवस्थेची कल्पना येते. पाणीकोठा पोर्तुगीजांच्या काळातील असला, तरी बंदराची नस कोठे दाबायची हे त्यांच्याही आधी अयाझाने ओळखले होते.

अयाझाचे मोठेपण लढण्यापेक्षा लढाई टाळण्यात होते. १५०८ मध्ये चौलच्या बंदरात इजिप्तचा सेनापती अमीर हुसेन आणि अयाझ यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला. त्या झुंजीत व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मैदा याचा मुलगा लोरेंसो मारला गेला. कोकणच्या किनाऱ्यावर घडलेल्या या प्रसंगाचा सूड घेण्यासाठी बाप दीववर चालून आला आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी त्याने इजिप्तच्या आरमाराचा निर्णायक पराभव केला. अरबी समुद्रावरील सत्तेचा तोल त्या दिवशी बदलला, असे इतिहासकार मानतात. अयाझाने मात्र चौलला पकडलेल्या पोर्तुगीज कैद्यांना नीट वागवले होते. त्यांना परत करून त्याने तह केला आणि शहर वाचवले. पुढे पोर्तुगीज दीवमध्ये किल्ल्यासाठी जागा मागत राहिले. तो गोड बोलत, भेटी पाठवत आणि जागा न देत राहिला. परक्या सत्तेशी व्यवहार करायचा, पण तिच्या हाती बंदराची किल्ली द्यायची नाही, हे त्याचे धोरण होते. तो असेपर्यंत ते यशस्वी झाले.

३

जे अयाझाने जन्मभर टाळले ते सुलतान बहादूरशहाला करावे लागले. १५३१ मध्ये नूनो द कून्हा याचा दीववरील मोठा हल्ला फसला होता. पण त्यानंतर चारच वर्षांत हुमायूनच्या फौजा गुजरातेत शिरल्या आणि सुलतानाला मित्राची गरज भासू लागली. डिसेंबर १५३४ च्या तहाने त्याने वसई आणि तिच्या आसपासचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. ऑक्टोबर १५३५ मध्ये दीवच्या पूर्व टोकाला किल्ला बांधण्याची परवानगी दिली. मराठी वाचकाला वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयामुळे परिचित असतो. ती वसई आणि हे दीव एकाच संकटात सापडलेल्या एकाच राजाने वर्षभराच्या आत देऊन टाकले, हे लक्षात घेतले की दोन्ही किल्ल्यांचे नाते स्पष्ट होते.

हुमायून लवकरच गुजरात सोडून परतला. संकट टळले, पण दिलेली जागा परत येईना. फेब्रुवारी १५३७ मध्ये बहादूरशहा नूनो द कून्हा याच्या भेटीसाठी त्याच्या जहाजावर गेला आणि परतताना दीवच्या पाण्यात मारला गेला. त्याच गोंधळात दीवचा पोर्तुगीज किल्लेदार मानुएल द सोझा हाही प्राणास मुकला. दगा कोणाचा, याविषयी दोन्ही बाजूंचे ग्रंथ परस्परविरोधी साक्ष देतात. पोर्तुगीज बखरकारांच्या मते सुलतानच विश्वासघाताच्या तयारीत होता. फारसी ग्रंथकारांच्या मते आजाराचे निमित्त करून त्याला जाळ्यात ओढले गेले. अबुल फझलने ‘अकबरनाम्या’त हा प्रसंग वर्णिला आहे आणि त्या ग्रंथाच्या एका सचित्र प्रतीत, जी आता लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे, बहादूरशहाच्या मृत्यूचे चित्र आहे. लाटांत सापडलेला सुलतान आणि भोवती दाटलेल्या नौका मुघल चित्रकाराने रंगवल्या, त्या घटनेनंतर सुमारे साठ-पासष्ट वर्षांनी. दीवमध्ये या घटनेची खूण म्हणून पाहण्याजोगे काही नाही. पाण्यावर स्मारक उभे राहत नाही. ते ग्रंथात राहिले.

४

दीवचा किल्ला पाहताना दोन वेढ्यांची आठवण अपरिहार्य ठरते. पहिला १५३८ चा. इजिप्तचा उस्मानी सुभेदार सुलेमान पाशा सुएझहून मोठे आरमार घेऊन आला. जमिनीच्या बाजूने गुजरातचा सरदार खोजा सफर उभा राहिला. किल्ल्यात आंतोनियो द सिल्वेरा होता. नोव्हेंबरमध्ये वेढा उठला तेव्हा शस्त्र धरू शकणारी अगदी थोडी माणसे आत उरली होती. तरीही वेढा उठला, याचे एक कारण गुजरातच्या गोटात होते. वाटेत एडनच्या अमिराला सुलेमान पाशाने जहाजावर बोलावून फाशी दिले होते. असा मित्र शत्रूपेक्षा कितपत बरा, अशी शंका गुजरातच्या सरदारांना आली आणि त्यांनी मदतीचा हात आखडता घेतला. बहादूरशहाचा प्रसंग दीड वर्षापूर्वीचाच होता. जहाजावरच्या निमंत्रणांचा अर्थ त्यांना कळून चुकला होता.

दुसरा वेढा १५४६ चा आणि अधिक दीर्घ. एप्रिलमध्ये तो सुरू झाला, जूनमध्ये खोजा सफर तोफगोळ्याने ठार झाला, त्याच्या मुलाने तो पुढे चालवला. ऑगस्टमध्ये सुरुंगाने एक बुरूज उडाला आणि त्याखाली व्हाइसरॉय जुआंव द कास्त्रो याचा मुलगा फेर्नांदो गाडला गेला. नोव्हेंबरमध्ये कास्त्रो स्वतः आरमार घेऊन आला, त्याने वेढा मोडला आणि शहरात भयंकर कत्तल झाली. त्यानंतर किल्ल्याच्या पुनर्बांधणीसाठी त्याने गोव्याच्या नगरसभेकडे वीस हजार पार्दांवांचे कर्ज मागितले. तारण म्हणून मुलाच्या अस्थी पाठवायच्या होत्या, परंतु पुरलेले शरीर अद्याप तशा स्थितीत नव्हते. म्हणून त्याने आपल्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले, स्त्रियांनी दागिने दिले आणि केस सन्मानपूर्वक परत केले. पोर्तुगालमध्ये ही कथा शतकानुशतके सांगितली गेली.

या दोन वेढ्यांनी युरोपात एक लहानसे साहित्यच निर्माण केले. पहिल्या वेढ्यावर दामियांव द गोइश याचा लॅटिन वृत्तान्त १५३९ मध्येच लूव्हें येथे छापला गेला. दुसऱ्या वेढ्यावरचा दियोगो द तैव याचा लॅटिन ग्रंथ १५४८ मध्ये कोइंब्रा येथे निघाला. मग कवी आले. जेरोनिमो कोर्त-रेआल याने दुसऱ्या वेढ्यावर १५७४ मध्ये आणि फ्रान्सिस्को द आंद्राद याने पहिल्या वेढ्यावर १५८९ मध्ये महाकाव्य प्रसिद्ध केले. कास्त्रोच्या पराक्रमाची दृश्ये ब्रसेल्सच्या विणकरांनी भव्य भिंतपडद्यांवर विणली. ते पडदे आज व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहेत. १५३३ मध्ये बहादूरशहासाठी ओतलेली, अरबी लेख कोरलेली प्रचंड तोफ लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात ठेवलेली आहे आणि ती ‘दीवची तोफ’ म्हणूनच ओळखली जाते. कागदावर, पडद्यावर आणि काशात दीव असे युरोपभर विखुरले आहे.

या साऱ्या वाङ्मयाला एक मर्यादा आहे. ते वेढ्याचे वाङ्मय आहे. त्याची दृष्टी तटाच्या आत किंवा तटाच्या बाहेर तोफांच्या टप्प्याएवढीच जाते. ज्या शहरासाठी ही माणसे मरत होती त्या शहरातले विणकर, सराफ, तांडेल आणि हमाल त्यात केवळ गर्दी म्हणून येतात. वीररसाला शत्रू लागतो, बाजार लागत नाही. म्हणून दीववर महाकाव्ये झाली तरी दीव शहराचे चरित्र लिहायचे राहून गेले.

प्रत्यक्ष किल्ल्यात ही जाणीव आणखी तीव्र होते. तीन बाजूंनी समुद्र, चौथ्या बाजूला दुहेरी खंदक. त्यांतला एक खडक फोडून असा खोदला आहे की भरतीचे पाणी आत खेळावे. बुरुजांवर तोफा अजून समुद्राकडे तोंड करून आहेत. भिंतींत पोर्तुगीज शिलालेख, मध्ये दीपगृह, पडझड झालेली प्रार्थनाघरे. एक भाग दीर्घकाळ तुरुंग म्हणून वापरला गेला. गावाबाहेरच्या नायडा गुहा याच्या जोडीने पाहिल्या पाहिजेत. बांधकामासाठी दगड काढता काढता तेथे उंच, वेड्यावाकड्या पोकळ्या तयार झाल्या, असे सांगितले जाते. छताच्या भोकांतून उतरणारा उजेड आणि कापीव भिंती पाहून प्रवासी तेथे छायाचित्रे घेतात. किल्ल्याच्या भिंतींत जो श्रम रचला गेला तो येथे खणला गेला होता, हे ध्यानात घेतले तर त्या गुहा दीवच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान ठरतात. त्या पानावर कोणाचेही नाव नाही.

५

दुसऱ्या वेढ्यात पडलेला खोजा सफर, ज्याला सुलतानाने खुदावंदखान हा किताब दिला होता, त्याचे आणखी एक काम दीवच्या इतिहासात निर्णायक ठरले. तापीच्या काठी सुरतचा किल्ला त्यानेच बांधवला. दीव गेल्यावर गुजरातला समुद्रावर दुसरे सुरक्षित दार हवे होते. सुरत ते दार झाले. १५७२-७३ मध्ये अकबराने गुजरात जिंकल्यावर सुरतेमागे मुघल साम्राज्याची सारी बाजारपेठ उभी राहिली. दीवला हज यात्रेकरूंच्या आणि व्यापाऱ्यांच्या जहाजांना पोर्तुगीज परवाना घ्यावा लागे, जकात भरावी लागे. सक्तीच्या बंदरापेक्षा सोयीचे बंदर व्यापाऱ्याला नेहमीच जवळचे. सतराव्या शतकात सुरत हिंदुस्थानातील अग्रगण्य बंदर झाले. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा सुभेदार ज्या किल्ल्यात दडून बसला तो हाच खोजा सफरचा किल्ला. महाराजांच्या दृष्टीस पडलेली सुरतेची श्रीमंती ज्या वाटेने आली, त्या वाटेच्या आरंभी दीवचा ऱ्हास आहे. जो मनुष्य दीव घेऊ शकला नाही, त्याने बांधलेल्या किल्ल्याच्या आसऱ्याने वाढलेल्या शहराने दीवचा व्यापार घेतला.

सुरतेची भरभराट होत असताना दीवने मात्र वेगळी दिशा धरली. ती होती आफ्रिकेची. १६७० च्या सुमारास ओमानच्या अरबांनी दीव लुटले. त्यातून सावरणाऱ्या शहराच्या वाणी व्यापाऱ्यांना १६८६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने मोझांबिकशी व्यापार करण्याचा मक्ता दिला. या मंडळीचे पोर्तुगीज कागदपत्रांतील नाव ‘माझानिश’ असे आहे आणि त्यामागे ‘महाजन’ हा शब्द सहज ओळखता येतो. साम्राज्य पोर्तुगीजांचे, जहाजांवरचा झेंडा त्यांचा. भांडवल, ओळख आणि पत महाजनांची. १७७७ पर्यंत हा मक्ता चालला आणि मक्ता संपल्यावरही व्यापार चालू राहिला. गुजरातच्या आतल्या भागात, विशेषतः जंबुसरला विणलेले कापड दीवमार्गे आफ्रिकेला जाई. तेथे कोणत्या टोळीला या हंगामात कोणता रंग, कोणती पट्टी हवी, याची बातमी व्यापारी दर वर्षी परत आणत आणि त्याप्रमाणे माग चालत. आफ्रिकेच्या अंतर्भागातील पसंती-नापसंतीवर गुजराती विणकराचे पोट अवलंबून होते.

परतीच्या जहाजांत हस्तिदंत असे. आणि त्याबरोबर माणसेही असत. गुलामांचा व्यापार हा दीवच्या समृद्धीचा भाग होता, हे सांगितल्याशिवाय तिचे वर्णन प्रामाणिक होत नाही. दीवच्या आणि सौराष्ट्राच्या सिद्दी समाजाच्या आठवणीत, त्यांच्या ढोलांच्या लयीत समुद्रापलीकडचा तो प्रदेश शिल्लक आहे. हवेलीच्या दर्शनी कोरीवकामाचे कौतुक करताना ही नोंदही तिच्या शेजारी ठेवावी लागते.

६

या पार्श्वभूमीवर गाव पाहायला हवे. पश्चिमेच्या तटातील झांपा दरवाजा हे त्याचे जुने प्रवेशद्वार. गुजरातीत ‘झांपो’ म्हणजे वेस. दरवाज्याचे नाव असे लोकभाषेतले, तर त्यावरची शिल्पे मिश्र: सिंह, देवदूत आणि पाद्री. आत शिरल्यावर अरुंद गल्ल्या, रंगवलेल्या भिंती, लाकडी सज्जे. मकाटा गल्लीतील नगरशेठची हवेली त्यांत विशेष. गुजराती घराचा साचा, युरोपीय वेलबुट्टी आणि फळांचे गुच्छ एकाच दर्शनी भागावर नांदतात. राज्यकर्त्यांच्या शैलीचे अनुकरण एवढेच म्हणून तिची बोळवण करता येणार नाही. दूरदेशी व्यवहार करणाऱ्या मालकाने आपल्या जगाचा विस्तार घराच्या कपाळावर लिहून ठेवला आहे, असे तिच्याकडे पाहता येते.

चर्च तीन प्रमुख. संत फ्रान्सिस यांचे १५९३ चे, संत थॉमस यांचे १५९८ चे आणि जेझुइटांनी बांधलेले, १६१० मध्ये पूर्ण झालेले संत पॉल यांचे. जेझुइट संघाची १७५९ मध्ये हकालपट्टी झाली आणि १८३४-३५ मध्ये उरलेले धर्मसंघही बरखास्त झाले. ख्रिस्ती वस्ती कमी होत गेली. मग पहिल्या वास्तूत रुग्णालय आले आणि दुसरीत संग्रहालय. संत थॉमसच्या दालनात जुन्या काष्ठमूर्ती आणि शिलालेख मांडलेले आहेत. प्रार्थना आजही चालते ती संत पॉलच्या चर्चमध्ये. त्याच्या दर्शनी भागाची उभारणी आणि आतील लाकडावरचे कोरीव काम पाहण्यासाठी वेळ काढून थांबावे. वसाहतवादी सत्तेची वास्तू म्हणून या इमारतींकडे पाठ फिरवणारे आणि केवळ सौंदर्य म्हणून त्यांच्यावर लुब्ध होणारे, दोघेही त्या बांधणाऱ्या स्थानिक गवंड्या-सुतारांना विसरतात.

किल्ल्यापेक्षा आणि चर्चपेक्षा जुने थरही बेटावर आहेत. फुदम गावाजवळ समुद्राच्या कडेला खडकांच्या कपारीत गंगेश्वराची पाच शिवलिंगे आहेत. पांडवांनी ती स्थापिली अशी श्रद्धा आहे. भरतीची लाट येते, लिंगांवरून वाहते, ओसरते. अभिषेकासाठी पुजाऱ्याला पाणी आणावे लागत नाही. वृंदेचा पती असुर जालंधर याचे स्थानही बेटावर दाखवतात. गावाबाहेर पारशांचे ओस दख्मे आहेत. ‘किस्सा-इ-संजान’ या इराणी निर्वासितांच्या काव्यकथेनुसार, संजानला पोचण्याआधी त्यांनी एकोणीस वर्षे दीवमध्ये काढली. ती कथा प्रत्यक्ष घटनेनंतर कित्येक शतकांनी, इसवी सन १६०० च्या सुमारास लिहिली गेली. तिचा प्रत्येक तपशील इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. परंतु एका समाजाने आपल्या स्थलांतराच्या स्मृतीत दीवला पहिल्या आसऱ्याचे स्थान दिले, हीच गोष्ट बोलकी आहे.

नागवाच्या अर्धवर्तुळाकार किनाऱ्यावर फांद्या फुटणारे होका ताड दिसतात. ताडाला फांद्या पाहण्याची सवय नसल्याने पाहुण्याला ते परके वाटतात. पोर्तुगीजांनी ते आफ्रिकेतून आणले, असा समज प्रचलित आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र हा ताड पश्चिम भारताच्या किनाऱ्याचाच मानतात. त्याचे भाईबंद तेवढे आफ्रिकेत आहेत. दीवमध्ये जे वेगळे दिसेल ते परदेशातून आले असणार, अशी समजूत रुजण्याइतका या बेटाचा समुद्राशी संबंध दाट होता.

७

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या उदयाने आणि गुलामांच्या व्यापाराच्या बंदीने दीवचे महत्त्व आणखी ओसरले. माल जाणे कमी झाले तशी माणसे जाऊ लागली. विणकर, गवंडी, दुकानदार मोझांबिकला गेले; तेथे त्यांनी घरे बांधली, दुकाने थाटली. १९ डिसेंबर १९६१ रोजी, लष्कराच्या ऑपरेशन विजय या मोहिमेत, दीवची पोर्तुगीज शिबंदी शरण आली आणि सव्वाचारशे वर्षांची सत्ता संपली. मुक्तीच्या या घटनेचा एक पडसाद समुद्रापलीकडे उमटला. पोर्तुगीज सरकारने मोझांबिकमधील भारतीयांना छावण्यांत डांबले, त्यांची मालमत्ता जप्त केली, अनेकांना देशाबाहेर काढले. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर उरलेल्यांपैकी पुष्कळांनी लिस्बन गाठले; पुढच्या पिढ्या इंग्लंडमध्येही स्थिरावल्या. दीवमधील कित्येक घरांना आज कुलूप असते, आणि ती घरे सुस्थितीत असतात. त्यांचे मालक परदेशात आहेत व सणासुदीला येतात. पडकी हवेली आणि तिच्या शेजारी परदेशी कमाईवर उभे राहिलेले नवे घर, हे दृश्य दीवच्या इतिहासाशी विसंगत नाही. तो इतिहासच तेथे पुढे चालू आहे.

राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने १९८७ पर्यंत दीव गोव्याशी जोडलेले होते. त्या वर्षी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाल्यावर दमण-दीव हा वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगरहवेलीसह तो एक झाला. गोव्याच्या नगरसभेने ज्या किल्ल्यासाठी कर्ज दिले त्याचा कारभार चार शतके गोव्यातून चालला. तो धागा येथे तुटला.

याच पाण्याने स्वतंत्र भारताचेही बलिदान पाहिले. ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘खुकरी’ ही नौदलाची युद्धनौका दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. चक्रतीर्थाजवळच्या टेकडीवर त्यांचे स्मारक आहे. त्याच नावाची पुढची नौका २०२१ च्या अखेरीस सेवानिवृत्त झाल्यावर संग्रहालय म्हणून दीवला सोपवण्यात आली. स्मारकापाशी उभे राहिले की समोर रिकामे पाणी दिसते. बहादूरशहाच्या मृत्यूची जागा दाखवता येत नाही, तशीच ‘खुकरी’ची जागाही किनाऱ्यावरून दिसत नाही. फरक एवढाच की या वेळी बुडालेल्यांची नावे लिहून ठेवली गेली.

बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचे गाव आहे. बहुतेक सहली तेथवर पोचत नाहीत. धक्क्यावर होड्या लागतात, मासळी उतरते, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास दूरवर येतो, लाकडी होड्यांची बांधणी व दुरुस्ती चालू असते. मलिक अयाझाच्या आधी या किनाऱ्यावर जे चालू होते आणि पोर्तुगीज गेल्यानंतर जे चालू राहिले ते हेच. पूर्व टोकाच्या किल्ल्याने बंदराची राखण केली असे ग्रंथ सांगतात. त्या बंदराला बंदरपण देणारी माणसे समुद्रावर जाणारी होती आणि त्यांच्यातली काही अजून येथे आहेत. दीवला जाणाऱ्याने किल्ला अवश्य पाहावा. त्यानंतर गल्ल्यांतून चालत जावे, आणि दिवस शिल्लक असेल तर वणाकबाऱ्यापर्यंत जावे. महाकाव्यांनी जे शहर वगळले त्याचा शोध त्या वाटेवर लागतो.